घसारा न धरलेला नफा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आर्थिक विकास आणि पर्यावरण यांच्यात समतोल साधला पाहिजे, हे वाक्य आता इतक्या तोंडांतून ऐकू येते की ते कोणालाच खटकत नाही. प्रकल्पाचे समर्थक ते म्हणतात, विरोधकही म्हणतात, आणि दोघांचे बोलून झाल्यावर जे व्हायचे तेच होते. मलाही ते वाक्य मान्य आहे, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. मी शास्त्रज्ञ नाही, अर्थतज्ज्ञही नाही. पस्तीस वर्षे हिशेबतपासणीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. आमच्या कामात समतोल म्हणजे ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळणे. ती जुळली नाही, तर चूक सापडेपर्यंत वही मिटायची नाही. विकास आणि पर्यावरण यांचा समतोल आपण ज्या वहीत मांडू पाहतो, त्या वहीत एक बाजू लिहिलीच जात नाही, हे माझे म्हणणे आहे. जी बाजू लिहिलीच नाही तिच्याशी कितीही प्रामाणिक माणसाने समतोल साधायचा म्हटले, तरी तो साधणार कसा?

एखाद्या कंपनीने वर्षभरात आपली निम्मी यंत्रे विकून टाकली, आलेले पैसे विक्रीच्या खात्यात जमा केले आणि यंदा विक्रमी नफा झाला असे जाहीर केले, तर त्या पत्रकावर कोणताही हिशेबतपासनीस सही करणार नाही. यंत्र विकणे म्हणजे मुद्दल मोडणे. त्याला उत्पन्न म्हणत नाहीत. यंत्र विकले नाही, नुसते वापरले, तरी त्याची झीज होते म्हणून दरवर्षी नफ्यातून घसारा वजा करावाच लागतो. देशाच्या हिशेबात मात्र जंगल तोडून विकलेले लाकूड, खाणीतून काढलेले खनिज, भूगर्भातले हजारो वर्षांचे पाणी उपसून घेतलेले पीक, हे सगळे पूर्णच्या पूर्ण उत्पन्न म्हणून जमा होते. सकल देशांतर्गत उत्पादनातला ‘सकल’ हा शब्दच सांगतो की घसारा अजून वजा व्हायचा आहे. तरी बातमीत, भाषणात आणि आपल्या सगळ्यांच्या मनात तो आकडा नफा म्हणूनच राहतो. तज्ज्ञ जेव्हा ‘निव्वळ’ आकडा काढतात, तेव्हाही आजवर त्यात झीज धरली जात आली ती यंत्रांची, इमारतींची आणि रस्त्यांची. जंगलाची, जमिनीच्या कसाची, भूजलाची झीज कुठल्याच ओळीत येत नव्हती. उलट नदी नासवणाऱ्या कारखान्याचा माल एकदा उत्पन्नात धरला जातो आणि त्या पाण्याने आजारी पडलेल्यांच्या औषधपाण्याचा खर्च पुन्हा उत्पन्नात मिळवला जातो.

ही उणीव नव्याने सापडलेली नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी अमेरिकेत घालून दिली त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये तिथल्या सिनेटला सादर केलेल्या अहवालातच बजावले होते की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचे अनुमान काढता येणे कठीण आहे. पुढे १९८९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियाचा हिशेब पुन्हा मांडला. १९७१ ते १९८४ या काळात त्या देशाची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढल्याचे दिसत होते. तेलाचे साठे, जंगल आणि शेतजमिनीची धूप या तीनच गोष्टींचा घसारा त्यांनी वजा केला, तेव्हा वाढ ४ टक्क्यांवर आली. वाढ खोटी नव्हती, पण तिचा बराच मोठा भाग मुद्दलातून काढलेला होता. तीनच गोष्टी धरून हे झाले. मासे, भूजल, हवा यांचा हिशेब त्यात नव्हताच.

मुद्दल खाणे आणि मुद्दल राखून व्याजावर जगणे यांतला फरक पाहायचा असेल तर दोन देशांचा हिशेब शेजारी ठेवावा. प्रशांत महासागरातले नाउरू हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे. तिथे खतासाठी लागणारे उच्च प्रतीचे फॉस्फेट होते. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, खाणी देशाच्या ताब्यात आल्या आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात नाउरू जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जाऊ लागला. खाणकामाने बेटाचा बहुतेक सगळा मधला भाग खरवडून निघाला. वरची माती आणि फॉस्फेट निघून गेल्यावर उरले ते चुनखडीचे उंच सुळके, ज्यांच्यावर ना शेती होते ना घर उभे राहते. माणसे किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत राहतात. भविष्यासाठी बाजूला ठेवलेला निधी चुकीच्या गुंतवणुकीत आणि उधळपट्टीत संपला. स्वातंत्र्यापूर्वीच्या खाणकामाने झालेल्या नुकसानीबद्दल नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १९९३ मध्ये तडजोडीने काही भरपाई मिळवली. पण माती भरपाईने परत येत नाही. याउलट नॉर्वेला १९६९ मध्ये उत्तर समुद्रात मोठा तेलसाठा सापडला; त्या देशाने १९९० मध्ये कायदा करून निधी स्थापला, १९९६ पासून तेलाचे पैसे त्यात टाकले आणि वर्षाला साधारणपणे त्याच्या अपेक्षित परताव्याइतकेच काढायचे, असा नियम स्वतःला घालून घेतला. आधी हा दर ४ टक्के होता, २०१७ मध्ये तो ३ टक्क्यांवर आणला. नॉर्वेचा हिशेबही पूर्ण स्वच्छ आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते तेल जिथे जळते तिथल्या धुराचा भार नॉर्वेच्या वहीत पडत नाही. तरी आपल्याला मिळालेली वस्तू उत्पन्न नाही, मुद्दल आहे, एवढे त्यांनी वेळीच ओळखले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विकास थांबवा असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी हे लिहीत नाही. वीज, पक्का रस्ता, जवळ दवाखाना, हाताला काम, या गोष्टी ज्यांना मिळालेल्या आहेत त्यांनी ज्यांना मिळालेल्या नाहीत त्यांना संयम शिकवू नये. चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब होणारी बाई आणि दूषित पाण्याने दगावणारे मूल यांना विकास हवाच आहे, आणि तो लवकर हवा आहे. पण ज्यांच्या नावाने विकासाची घाई केली जाते, तेच लोक मुद्दल मोडल्याचा पहिला फटका खातात, हेही मी कामाच्या निमित्ताने पाहिले आहे. श्रीमंत माणूस पाणी विकत घेतो, घर बदलतो, मुलांना दुसरीकडे पाठवतो. ओढ्यावर, कुरणावर, किनाऱ्यावर ज्याचे पोट आहे त्याच्याकडे दुसरे खातेच नसते.

आधी श्रीमंत होऊ, मग साफसफाई करू, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला अर्थशास्त्रात थोडा आधार आहे. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये दाखवले की काही प्रकारचे प्रदूषण उत्पन्नाबरोबर आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर कमी होऊ लागते. धुराच्या बाबतीत हे अनेक शहरांत खरे ठरले आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले. पहिल्या अंदाजात चार हजार आणि पुढच्या अभ्यासांत बारा हजारांपर्यंत माणसे त्यात दगावल्याचे सांगितले गेले. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि पुढे तिथली हवा सुधारली. मात्र ती उत्पन्न वाढले म्हणून आपोआप सुधारली नाही. माणसे मेली, लोकांनी जाब विचारला, कायदा झाला आणि तो राबवला गेला, म्हणून सुधारली.

शिवाय धूर थांबवला की हवा निवळते. सगळ्याच गोष्टी तशा नसतात. दोन-तीन सेंटिमीटर सुपीक माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालगतच्या कॉड माशाचा इतिहास तर प्रत्येक नियोजनकाराने वाचावा असा आहे. तिथे जवळजवळ पाच शतके मासेमारी चालली. मग मोठी गोठवणी-जहाजे आली आणि १९६८ मध्ये पकड वर्षाला आठ लाख टनांच्या घरात गेली. त्या वर्षीचे आकडे पाहणाऱ्याला हा धंदा भरभराटीला आलेलाच दिसला असणार, कारण वहीत फक्त पकड लिहिली जात होती. समुद्रात किती मासा शिल्लक आहे ते पान कच्चे होते. पुढे परदेशी जहाजे हटवली, मर्यादा घातल्या, पण त्या मर्यादा ठरवताना शिल्लक मासा असेल त्याहून जास्त धरला गेला आणि रोजगार जाईल या भीतीने कपात पुढे ढकलली गेली. २ जुलै १९९२ रोजी सरकारने ती मासेमारी बंद केली, तेव्हा एका दिवसात सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी तीन दशकांहून अधिक टिकली आणि २०२४ मध्ये ती उठवली तीही अगदी मर्यादित पकडीसाठी. रोजगार वाचवण्यासाठी म्हणून जो निर्णय पुढे ढकलला, त्याने रोजगारच संपवला. पर्यावरणाचे नियम पोटावर पाय आणतात, असे जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला ती तीस हजार माणसे आठवतात.

जपानमधल्या मिनामाताचे नाव अनेकांना ठाऊक असते. तिथला हिशेब मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत होता आणि त्यातून निघणारा मिथिल-पारा, म्हणजे पाऱ्याचे विषारी संयुग, सांडपाण्याबरोबर खाडीत जात होता. तिथून तो माशांत आणि माशांतून माणसांत गेला. मे १९५६ मध्ये या विषबाधेने होणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळून प्रयोग केला. चारशे क्रमांकाच्या मांजराला ऑक्टोबरमध्ये तेच झटके येऊ लागले, तोच तोल जाऊ लागला जो कोळ्यांचा जात होता. प्रयोग थांबवण्यात आला आणि निष्कर्ष दडपला गेला. डिसेंबरमध्ये कारखान्यात समारंभपूर्वक सांडपाणी शुद्धीकरण यंत्र बसवले गेले. ते यंत्र मिथिल-पारा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या नोंदीनंतर बारा वर्षांनी, आणि तोवर त्या प्रक्रियेचे उत्पादन तसेही बंद झालेले होते. दोन हजारांहून अधिक लोकांना शासनाने रुग्ण म्हणून प्रमाणित केले. प्रमाणपत्राशिवाय भोगणाऱ्यांची संख्या त्याहून खूप मोठी आहे. खाडीच्या तळाचा विषारी गाळ काढून त्यावर भराव घालण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले.

आता आकडे. जपानच्या पर्यावरण खात्याच्या एका अभ्यासगटाने १९९१ मध्ये याची तुलना प्रसिद्ध केली. प्रदूषण रोखण्यासाठी वर्षाला सुमारे १२ कोटी ३० लाख येन खर्च आला असता. ते न रोखल्यामुळे आरोग्य, गाळ-उपसा आणि बुडालेली मासेमारी यांपोटी वर्षाला सुमारे १,२६० कोटी येन मोजावे लागले. शंभरपट! आणि यात मोजले गेले ते फक्त जे पैशात मोजता येते ते. जन्मतः अपंग झालेल्या मुलांच्या आयांनी जे सोसले त्याची ओळ कुठल्याच तक्त्यात नाही, आणि ती तशी असूही नये.

मिनामाताच्या त्या यंत्राविषयी वाचले की मला माझ्याच कामातला एक प्रसंग आठवतो. रंगद्रव्ये बनवणाऱ्या एका कारखान्याची वह्या-तपासणी माझ्याकडे होती. मालमत्तेच्या नोंदवहीत सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा नीट दाखवलेली होती, तिच्यावर दरवर्षी घसारा लावून करात सवलतही घेतली जात होती. तिला लागणाऱ्या चुन्याच्या आणि तुरटीच्या खरेदीच्या पावत्या मी मागितल्या. अकरा महिन्यांत एकच पावती निघाली, तीही पाच गोण्यांची. वीजमीटरच्या नोंदी मागवल्या. त्या यंत्रणेचा मीटर महिनोन्‌महिने जवळपास तिथेच होता. म्हणजे यंत्र होते, रंगवलेले होते, तपासणीच्या दिवशी चालू होत होते. व्यवस्थापकांना विचारले तर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, यंत्र बसवायची अट होती, ती आम्ही पूर्ण केली आहे.” मी अहवालात तशी टीप लिहिली. पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे राहिले नाही. मला सगळ्यात जास्त बोचते ते हे की ज्या नाल्यात ते पाणी जात होते त्या नाल्याकाठच्या लोकांना माझी टीप कधीही वाचायला मिळाली नाही, कारण ती त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती भागधारकांसाठी होती.

म्हणून पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाविषयी मला दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. या पद्धतीची सुरुवात अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने झाली, ज्यावर १ जानेवारी १९७० रोजी सही झाली. तिचा गाभा पर्यायांचा विचार हा होता: प्रकल्प दुसऱ्या जागी, लहान आकारात, वेगळ्या पद्धतीने होईल का, आणि मुळात केलाच नाही तर काय होईल, या प्रश्नांची उत्तरे निर्णयाच्या आधी मांडायची. पुढे जगभर ही पद्धत पसरली, पण बहुतेक ठिकाणी गाभा गळून गेला. जागा ठरते, भांडवल येते, भूमिपूजनाची तारीख ठरते आणि मग अहवाल मागवला जातो. अशा वेळी तो अहवाल फार तर किती झाडे लावावीत एवढेच सांगू शकतो. दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायातली आहे. कंपनीच्या कारभाऱ्यांनी आपल्या हिशेबाचा तपासनीस स्वतः नेमू नये, तो भागधारकांनी नेमावा आणि त्याचा कंपनीत हितसंबंध नसावा, हे तत्त्व व्यापारी जगाने अनेक बुडालेल्या कंपन्यांच्या अनुभवातून स्वीकारले. पर्यावरणाच्या अहवालांत मात्र पुष्कळ देशांमध्ये अजूनही अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्प आणणाराच निवडतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. माणूस कितीही सचोटीचा असो, पुढचे काम मिळण्याची काळजी त्याला असतेच. मी स्वतः तो अनुभव घेतलेला आहे. या कामाचे पैसे प्रकल्पवाल्याने एका स्वतंत्र निधीत भरावेत आणि सल्लागाराची निवड त्रयस्थ संस्थेने करावी, एवढा साधा बदल झाला तरी अहवालांची भाषा बदलेल.

अहवालांत एक आकडा असतो ज्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष जात नाही आणि ज्याने सगळा निकाल फिरतो. तो म्हणजे वटावाचा दर. हुंडी मुदतीआधी वटवताना जसा वटाव कापला जातो, तसे भविष्यातले नफे-नुकसान आजच्या किमतीत आणताना दर वर्षामागे काही टक्के कापले जातात. धंद्यात हे रास्तच आहे. पण शंभर वर्षांनी होणारे एक कोटीचे नुकसान ७ टक्के दराने आज आणले तर ते सुमारे साडेअकरा हजारांचे उरते. तेच २ टक्क्यांनी आणले तर पावणेचौदा लाखांच्या वर जाते. नुकसान तेच, भोगणारी माणसे तीच, फक्त कागदावरचा एक दर बदलला. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये हवामानबदलावर जो अहवाल केला त्यात हा दर सुमारे १.४ टक्के धरला होता, आणि विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी तो फार कमी आहे म्हणून आक्षेप घेतला. हा वाद तज्ज्ञांचा आहे आणि त्यात मी पडत नाही. पण कोणता दर धरला आणि का धरला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर सोप्या भाषेत लिहायला काय हरकत आहे? नातवंडांच्या वाट्याचे नुकसान किती टक्क्यांनी कापायचे, हा प्रश्न गणिताचा जेवढा आहे तेवढाच नीतीचा आहे, आणि तो परिशिष्टात दडवून ठेवण्याचा नाही.

तरतुदीचेही तसेच. उद्या देणे येणार आहे हे माहीत असेल, तर त्याची तरतूद आजच्या नफ्यातून करावी लागते. नफा वाटून झाल्यावर ‘देणे आले, पण पैसे नाहीत’ असे म्हणता येत नाही. खाण बंद झाल्यावर खड्डा बुजवणे हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेले देणे आहे. अमेरिकेत कोळशाच्या उघड्या खाणींसाठी १९७७ च्या कायद्याने या खर्चाची हमी खाणकाम सुरू होण्याआधी देणे बंधनकारक केले. ही सुधारणा मोठीच होती, पण तिच्यातही एक फट राहिली. काही राज्यांनी बड्या कंपन्यांना रोख किंवा त्रयस्थाच्या हमीऐवजी स्वतःच्याच आर्थिक पतीवर हमी देण्याची मुभा दिली. २०१५-१६ मध्ये कोळशाचा बाजार पडला, मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीसाठी अर्ज केले आणि त्या हमीपत्रांची किंमत काय उरली, असा प्रश्न उभा राहिला. ज्याच्या बुडण्याविरुद्ध हमी हवी त्याचीच हमी घेण्याचा हा प्रकार होता. पैसे आधी आणि त्रयस्थाकडे जमा झाले पाहिजेत, यात तडजोड नको.

हे सगळे शक्य आहे का, आणि केले तर उद्योग टिकतील का, असे विचारले जाते. न्यूयॉर्क शहराला नव्वदच्या दशकात आपल्या पाण्यासाठी प्रचंड गाळणी-प्रकल्प बांधावा लागेल अशी वेळ आली होती. खर्चाचा अंदाज होता सहा ते आठ अब्ज डॉलर. पाणी येत होते कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून. शहराने १९९७ मध्ये त्या डोंगराळ भागातल्या गावांशी करार केला आणि त्या खर्चाच्या कितीतरी कमी पैशांत तिथली मैलापाणी केंद्रे सुधारली, घरांच्या मैल्याच्या गळक्या टाक्या दुरुस्त केल्या, गोठ्यातले पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले आणि जे स्वखुशीने विकतील त्यांच्याकडून जमिनी घेतल्या. शहर आणि खोरे यांच्यात जुनी कटुता होती आणि बोलणी अनेक वर्षे चालली. हे काम सोपे झाले नाही. पण त्या खोऱ्यांतले पाणी आजही गाळणीशिवाय शहराला मिळते आणि वरच्या शेतकऱ्याला त्याच्या राखणीचा मोबदला मिळतो. जंगल आणि ओढा यांना ताळेबंदात मत्तेच्या बाजूला जागा दिली की निर्णय कसा बदलतो, याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

उद्योगांच्या भीतीबद्दलही तेच. अमेरिकेत आम्लपावसाला कारण होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर १९९० च्या कायद्याने मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत वीजकंपन्यांना तो वायू सोडण्याचे परवाने आपापसांत विकण्याची मुभा दिली. वीज परवडणार नाही अशी ओरड झाली. प्रत्यक्षात खर्च आधीच्या अंदाजांपेक्षा खूप कमी आला आणि प्रदूषण घटले. ओझोनचा थर विरळ करणारी रसायने बंद करण्याचा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला, जगातला प्रत्येक देश त्यात सामील झाला, आणि शीतकपाटे बनणे काही थांबले नाही. नियम स्पष्ट असेल, सर्वांना सारखा असेल आणि त्याची तारीख आधी कळलेली असेल, तर उद्योग मार्ग काढतो. त्याला नडते ते धरसोडीचे धोरण आणि शेजारच्या कारखान्याला मिळालेली गुपचूप सवलत.

प्रत्येक गोष्टीवर किंमत चिकटवा आणि जो देईल त्याला विका, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. ताळेबंदात नोंद करणे आणि विक्रीला काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही गोष्टी अशा असतात की त्यांची नोंद संख्येतच ठेवावी, पैशात नको: इतके हेक्टर जंगल, इतकी मीटर भूजल पातळी, या जातीचे इतके पक्षी. त्यांची शिल्लक एका मर्यादेखाली जाऊ द्यायची नाही, मग समोर कितीही मोठा नफा दिसो.

सुदैवाने वही बदलण्याचे काम सुरू झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पर्यावरणीय लेख्यांची, म्हणजे हिशेबांची, चौकट २०१२ मध्ये आणि परिसंस्थांच्या लेख्यांची चौकट मार्च २०२१ मध्ये स्वीकारली. मार्च २०२५ मध्ये त्याच आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत मान्य केली असून तिच्यात नैसर्गिक साधनांची घट हा उत्पादनाचा खर्च म्हणून धरला जाणार आहे आणि निव्वळ आकड्यावर अधिक भर दिला जाणार आहे. कुझनेट्स यांच्या इशाऱ्यानंतर नव्वदहून अधिक वर्षांनी हे घडते आहे. देशोदेशींची सरकारे ही पद्धत अमलात आणायला आणखी काही वर्षे घेतील, आणि आणलीच तर तो आकडा एखाद्या तक्त्याच्या तळाशी छापून मोकळी होतील, अशी मला भीती वाटते.

या ठिकाणी वृत्तपत्राचे काम येते, आणि आपल्याला लिहिण्याचे कारणही तेच. सकल उत्पादनाच्या वाढीचा आकडा पहिल्या पानावर छापताना, जेव्हा उपलब्ध होईल तेव्हा, निसर्गाचा घसारा वजा केलेला निव्वळ आकडाही त्याच्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. नव्या प्रकल्पाच्या बातमीत गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती हे येतेच; तिथेच आपल्या वार्ताहराने आणखी विचारावे की यात काय खर्ची पडणार, ते पुन्हा भरून येणारे आहे की नाही, भरून काढायचे पैसे कोणाकडे आणि किती जमा झाले आहेत, आणि अहवाल कोणाच्या पैशाने लिहिला गेला. आणि पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा जाऊन, शुद्धीकरण यंत्रणेच्या वीजमीटरचा आकडा आणि चुन्याच्या पावत्या पाहून, दुसरी बातमी द्यावी. उद्घाटनाच्या बातमीपेक्षा तिला कमी जागा मिळू नये, एवढी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबतपासनीस